वर्गात लिहिलेला इतिहास

१५ फेब्रुवारी १८५५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. उरलेला भाग १ मार्चच्या अंकात आला. विषय होता मांग आणि महार यांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे स्वतः मांग समाजातली, वयाने चौदाच्या आसपासची, आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. अस्पृश्य समाजातल्या स्त्रीचं छापील स्वरूपात हाती असलेलं हे पहिलं लेखन मानलं जातं.

तीन वर्षांची शाळा म्हणजे त्या काळच्या पुण्यात काय, हे आधी पाहायला हवं. पेशवाई बुडून ३७ वर्षं झाली होती, पण अक्षर अजून पेठापेठांतल्या ठरावीक वाड्यांतच नांदत होतं. पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अक्षरं गिरवायचा, मोडी घोटायचा, पावकी-निमकी पाठ करायचा आणि मोठा होऊन दप्तरात किंवा पेढीवर बसायचा. ज्यांना दप्तरात किंवा पेढीवर बसायचंच नव्हतं, त्यांच्या मुलांना लिहिणं कशाला हवं, असा सरळ हिशेब होता. मुलींचा आणि अस्पृश्यांचा तर प्रश्नच नव्हता. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात फुले पतिपत्नीने मुलींची शाळा उघडली, तेव्हा हा हिशेब मोडला. त्याची किंमत त्यांनी लगेच मोजली. पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. तरी शाळा वाढत गेल्या. १८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ मध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत. त्याच सुमाराला महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाली. वस्तीतून मुलं आणायला लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांच्यासारखी माणसं पाठीशी होती. लहुजी हे नावाजलेले तालीमबाज. त्यांचा शब्द वस्तीत चालायचा. मुक्ता त्यांच्याच कुटुंबातली, असं सांगितलं जातं.

शिकवणाऱ्या बाईंचं वयही लक्षात घेण्यासारखं आहे. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, म्हणजे निबंध छापला गेला तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या. स्वतः लग्नानंतर शिकलेल्या. आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला होता. रस्त्याने जाता-येता अंगावर शेण-चिखल झेलणारी ही बाई वर्गात मुलींना वाचन, व्याकरण, गणित, भूगोल, इतिहास शिकवायची आणि घरी स्वतः लिहायची. शिक्षिका जेव्हा स्वतः लिहिते, तेव्हा विद्यार्थिनीला लेखन म्हणजे दुसऱ्याच्या ओळी सुवाच्य उतरवणं वाटत नाही. मुक्ताच्या निबंधाचं बीज इथे असावं.

आणखी एक गोष्ट. १८५५ मध्ये मराठी गद्य स्वतःच घडत होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली होती, दुसरी निघायला दोन वर्षं होती. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम कुठे द्यायचा यावर मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा आता दक्षिणा प्राइज कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून मिळत होता. त्याच कमिटीने जोतीरावांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक नाकारलं, तेही १८५५ मध्येच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली १८७४ साली. मराठी निबंधाची परंपरा सांगताना अजूनही सुरुवात तिथून केली जाते. मुक्ताचा निबंध त्याच्या १९ वर्षं आधीचा आहे, हे एवढं तरी पाठ्यपुस्तकांनी नोंदवायला हवं.

निबंधात काय आहे?

सुरुवात धर्मापासून होते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असं ब्राह्मण म्हणतात. मग ज्यांना तो ग्रंथ पाहायचीही मोकळीक नाही, त्यांचा धर्म कोणता? मुक्ता हा प्रश्न माणसांना विचारत नाही, थेट देवाला विचारते. आमचा धर्म कोणता ते तूच कळव, असं तिचं मागणं आहे. एकालाच सवलत आणि बाकीचे वंचित, असा धर्म तिला नको आहे. चौदा वर्षांच्या मुलीने पुण्यासारख्या शहरात राहून हे लिहावं आणि खाली स्वतःचं नाव छापू द्यावं, याला लागणारं धैर्य आज मोजणंही कठीण. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र होतं, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं, आणि धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. अशा पत्रात छापल्या जाणाऱ्या निबंधात एखाद्या तयार उत्तराची अपेक्षा कोणीही केली असती. मुक्ताने धर्मांतराची घोषणा केली नाही, प्रश्न प्रश्न म्हणूनच ठेवला. तो पुढे १०१ वर्षं तसाच राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारून लाखोंनी त्याचं आपलं उत्तर दिलं.

यानंतर निबंध पेशवाईकडे वळतो. इमारतीच्या पायात माणसं पुरली जात, त्याआधी त्यांना तेल-शेंदूर पाजला जाई. तालमीसमोरून गेलेल्या मांग-महाराचं शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारींनी त्याचा चेंडूफळीचा खेळ व्हायचा. कोणी अक्षर शिकला आणि ते बाजीरावाच्या कानावर गेलं, तर शिक्षा व्हायची, कारण महार-मांगाने लिहिणं-वाचणं म्हणजे ब्राह्मणाच्या हातचं काम काढून घेणं. अशा एकेक गोष्टी ती सांगत जाते.

या गोष्टी तिने पाहिलेल्या नाहीत, हे उघड आहे. तिचा जन्म पेशवाई बुडाल्यावर दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतरचा. पण १८५५ मध्ये पन्नाशीत असलेला माणूस १८१८ मध्ये तेरा वर्षांचा होता, आणि १७९४ साली जन्मलेले लहुजी वस्ताद तर चोविशीला आले होते. म्हणजे मुक्ताच्या घरात, गल्लीत ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं जिवंत होती. पेशवे दफ्तरातले कागद राज्याने आपल्या कारभारासाठी लिहून ठेवले. त्यांत वसुली आहे, मोहिमा आहेत, दानधर्म आहे, शिक्षाही आहेत. पण त्या राज्याच्या तळाशी राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवलं, हे दप्तरातला कारकून लिहिणार नव्हता. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी पहिल्यांदा शाईत उतरल्या, त्या घरातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीच्या मुलीच्या हातून. इतिहासकारांनी या निबंधाकडे साधन म्हणून पाहायला फार उशीर केला.

त्याहून मोलाचा भाग मात्र तिच्या स्वतःच्या डोळ्यांसमोरचा आहे. मुक्ता लिहिते बाळंतपणाबद्दल. तिच्या समाजातल्या बाया मुलाला जन्म देतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं. पाऊस पडतो, थंडी असते, आणि तेवढ्यात बाळंतरोग झाला तर वैद्याला द्यायला पैसा कुठून आणायचा? फुकट औषध देईल असा वैद्य तरी कोण? एवढंच. त्या काळच्या सुधारकांनी विधवाविवाहावर लिहिलं, बालविवाहावर लिहिलं, स्त्रीशिक्षणावर लिहिलं. गळक्या झोपडीतल्या बाळंतिणीवर लिहायला ती झोपडी आतून पाहिलेलं माणूस लागलं. दुसरी नोंद अशीच लहान आणि अचूक. ब्राह्मणांची मुलं दगड मारतात, महार-मांगांच्या पोरांची डोकी फुटतात, तरी पोरं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं मागायला पुन्हा त्याच दाराशी जायचं असतं. पोट आणि अपमान यांची गाठ कशी बसते, याचं इतकं नेमकं चित्र एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात शोधून सापडणार नाही.

आपल्या माणसांचं दुःख लिहिताना माणूस सहसा त्यांचे दोष झाकतो. मुक्ताने तेही केलं नाही. वरच्यांच्या सोवळ्याचा संसर्ग खालीही पोचला आणि महारांतलेही काहीजण मांगांना हलकं लेखू लागले, हे तिने त्याच निबंधात नोंदवून ठेवलं. आणि शेवटी दोन्ही समाजांना एकत्रच विनवलं की अभ्यास करा, ज्ञान हेच औषध आहे. समाजावर माया असणं आणि त्याच्याविषयी खरं बोलणं, या दोन गोष्टी तिने वेगळ्या मानल्या नाहीत. पुढच्या काळात जात आणि अस्मिता यांवर मराठीत जे पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातल्या बऱ्याच लेखकांना हे जमलेलं नाही.

मुक्ताचं याखेरीज दुसरं लेखन आज हाती नाही. हा एक निबंध टिकला, तो दोन-तीन कारणांनी. संपादकाने तो लिहिणारीच्या नावासह छापला. मग ना. वि. जोशी यांनी १८६८ च्या आपल्या ‘पुणे शहराचे वर्णन’ या पुस्तकात त्याला जागा दिली. शहराचं वर्णन करताना देवळं, वाडे, पेठा यांच्याबरोबर एका मांग मुलीचा निबंध असावा असं त्या लेखकाला वाटलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. १९९१ साली भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ हा इंग्रजी संग्रह निघाला. त्याच्या पहिल्या खंडात निबंधाचा अनुवाद आला आणि मुक्ताचं नाव मराठीबाहेर गेलं. त्या शाळांतल्या इतर मुलींनीही काही लिहिलं असणार. ते कोणी छापलं नाही, म्हणून गेलं.

शाळा पुढे गावोगाव झाल्या आणि निबंध हा मराठीच्या परीक्षेतला हमखास प्रश्न झाला. पण तो मुक्ताच्या वाटेने गेला नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘माझा आवडता ऋतू’ हे विषय कोणत्या मराठी माणसाने लिहिले नाहीत? त्यांतला ‘आत्मवृत्त’ हा प्रकार तर विशेष विचार करायला लावणारा. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, नाण्याचं आत्मवृत्त, नदीचं, पडक्या किल्ल्याचं, शाळेतल्या फळ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी निर्जीव वस्तूंच्या तोंडून ‘मी’ म्हणायचा सराव केला. बापाचं काम काय, आई पाणी कुठून आणते, आपल्या वस्तीला गावात काय म्हणतात, हे मात्र मार्गदर्शकातल्या नमुन्यात बसत नव्हतं. ज्या मुलाच्या घरी पावसाळ्यातल्या दिवशी चूल पेटत नसे, त्यानेही हिरव्या शालूचं आणि इंद्रधनुष्याचं वर्णन पाठ करून उतरवलं. त्यालाच गुण मिळत. हे नुकसान भाषेचंही आहे.

ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्यांनी वर्ग दुसरीकडे शोधला. मुक्ताच्याच समाजातले अण्णा भाऊ साठे. वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्म आणि शाळा अवघी दीड दिवसाची. मुंबईच्या कामगार वस्तीत, मोर्चात, सभेत, चळवळीतल्या सोबत्यांजवळ बसून ते लिहिते झाले. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटक म्हणून अण्णा भाऊच उभे होते. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी त्यानंतर वर्षभराने आली.

मात्र वर्गाला वर्ग म्हणूनच बदलण्याचा मोठा प्रयोग झाला तो औरंगाबादला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरती होती. कॉलेजच्या परिसरात, नागसेनवनात, मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या खेड्यांतून मुलं आली, वसतिगृहात राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी त्यांच्यासाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. त्यात पोरांना आपल्याच पूर्वजांचं जगणं रंगमंचावर उभं करायचं होतं. पुढे मिलिंदचेच म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले ते तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं वाचून. गुलामीतून आलेल्या माणसांनी आपलं दुःख आपल्याच शब्दांत लिहिलं आणि त्याचं साहित्य झालं, हे त्यांनी इथल्या मुलांना दाखवलं. १९६७ मध्ये इथल्याच मंडळींनी ‘अस्मिता’ हे नियतकालिक काढलं. पुढे त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं आणि गंगाधर पानतावणे यांनी ते हयातभर, २०१८ पर्यंत, चालवलं. त्याचे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरत. नवख्या लेखकाने आपलं वाचावं, ज्येष्ठाने ऐकावं, चुकलं तिथे सांगावं. संपादक पोस्टकार्डाने विचारणा करायचे की लिहिताय का, काय लिहिताय. लेखनाची याहून चांगली शाळा त्या काळात मराठीत दुसरी नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

त्यातून काय निघालं? मिलिंदमध्ये शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आलं. आदल्या वर्षी दया पवारांचं ‘बलुतं’ येऊन गेलं होतं. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. एका दशकात मराठी आत्मचरित्राचा चेहराच बदलून गेला. शहाणपणाने आणि यशाने भरलेल्या आयुष्याच्या उत्तरार्धात लिहायची गोष्ट म्हणजे आत्मचरित्र, ही समजूत या पुस्तकांनी निकालात काढली. तिशी-चाळिशीतला माणूस लिहू लागला, आणि तो एकट्याचं लिहीत नव्हता. त्याच्या पानांत वस्ती होती, जत्रा होती, पंचायत होती, मेलेलं ढोर होतं, वराती होत्या.

बायकांची गोष्ट अधिक अवघड. फलटणला बेबीताई कांबळे एक छोटं दुकान चालवत. मालाच्या पुड्यांना आलेली रद्दी त्या बांधण्याआधी वाचत. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि नवऱ्याच्या, घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवत. असं वर्षानुवर्षं चाललं. फलटणलाच राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा पत्ता लागला आणि त्यांनी ते छापायला लावलं. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षिका म्हणून उभी हयात काढलेल्या शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही आलं. बेबीताईंच्या पुस्तकात बाळंतिणीचं वर्णन आहे. ते वाचताना मुक्ताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोघींत १३१ वर्षांचं अंतर, आणि झोपडीचं छप्पर अजून गळकंच.

बर्नसनबाईंनी १९८४ मध्ये फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि दलित वस्त्यांतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवणं हेच आयुष्याचं काम मानलं. मुलाने सुरुवातीपासून स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या बोलीत लिहावं, शुद्धलेखनाची लाल शाई नंतर पाहता येईल, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. बोली लिहिली म्हणून मूल प्रमाणभाषेत मागे पडतं, ही भीती अनेक पालकांना आणि शिक्षकांनाही असते. तिला फारसा आधार नाही. आपलं म्हणणं कागदावर येतं आणि कोणीतरी ते वाचतं, हे एकदा कळलं की मूल हवी ती भाषा शिकतं.

मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक मागणं आहे. या वर्षी फळ्याचं आत्मवृत्त बाजूला ठेवा. मुलांना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलून यायला सांगा. लहानपणी त्यांच्या वस्तीत पाणी कुठून यायचं, शाळा होती का, कोणाच्या दारात जायला मनाई होती, कोणतं काम कोणाच्या वाट्याला यायचं, हे विचारून मुलांनी आपल्या बोलीत दोन पानं लिहावीत. चुका मोजू नका. लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख प्रत्येक पानावर घाला, आणि त्या वह्या वर्षअखेरीला रद्दीत देऊ नका. शाळेच्या कपाटात ठेवा.